हवेतला कार्बन परत काढता येईल का?

आजचा विषय मी निवडलेला नाही, तो माझ्या धाकट्या चुलतभावाने निवडला आहे. तो मुलताईजवळ शेती करतो. मुलताई म्हणजे मध्य प्रदेशातलं, तापीच्या उगमाचं गाव. आमची तिथली तिसरी पिढी, घरात मराठी, बाजारात हिंदी. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. म्हणाला, "दादा, एक माणूस कागद घेऊन आलाय. चार एकरांत झाडं लावायची, चाळीस वर्षं तोडायची नाहीत, आणि झाडं हवेतला कार्बन ओढतील त्याचे दरवर्षी पैसे मिळतील म्हणतो. सही करू का?" आणि लगेच दुसरा प्रश्न: "आणि परदेशात म्हणे आता हवेतून कार्बन ओढणारी मशीनच आली आहेत. मग दहा वर्षांनी या झाडांना कोण विचारणार?"

दोन्ही प्रश्न खरे आहेत. पहिल्यात त्याची जमीन अडकली आहे. दुसऱ्यात आपण सगळेच अडकलो आहोत, कारण "पुढे मशीन येईल आणि सगळं साफ करेल" ही समजूत आता बऱ्याच जणांच्या बोलण्यात ऐकू येते. मी त्याला म्हटलं, आठ दिवस दे, आधी हिशोब मांडू. तोच हिशोब आज तुमच्यापुढे मांडतो. गणित गुणाकार-भागाकाराच्या पुढे जाणार नाही.

पकडणं सोपं आहे

शाळेत केलेला एक प्रयोग आठवा. पाण्यात चुना कालवायचा, रात्रभर ठेवायचा, वरचं स्वच्छ पाणी काढून घ्यायचं. ही चुन्याची निवळी. तिच्यात नळीने फुंकर मारली की पाणी दुधाळ होतं. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याने पकडला आणि त्याची चुनखडी झाली, तीच पांढरी भुकटी पाण्यात दिसते. पानवाल्याच्या डबीतला चुना उघडा राहिला की वर जी कडक साय धरते, तीही हीच. जुन्या वाड्यांच्या भिंती घाणीत मळलेल्या चुन्याने बांधलेल्या असत. तो चुना वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घट्ट होत गेला. म्हणजे हवेतून कार्बन पकडण्याची विद्या आपल्या आजोबा-पणजोबांच्या गवंड्यालाही ठाऊक होती. त्याने तिला हे नाव दिलं नव्हतं, एवढंच.

अंतराळवीरांनाही ती ठाऊक आहे. १९७० च्या एप्रिलमध्ये अपोलो १३ यानात स्फोट झाला आणि तिघे अंतराळवीर छोट्या चांद्रयानात येऊन बसले. तेव्हा त्यांच्या जिवावर बेतलं होतं ते त्यांच्याच उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. तो शोषून घेणारे लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे होते, पण एका यानाचे चौकोनी आणि दुसऱ्याची जागा गोल. पुठ्ठा, पिशव्या आणि चिकटपट्टी लावून त्यांनी ते बसवले आणि वाचले.

तर पकडणं जुनं आहे. मग अडतं कुठे? अडतं ते पुढच्या तीन ठिकाणी: वायू विरळ आहे, पकडलेला सोडवून घ्यायला ऊर्जा लागते, आणि सोडवलेला ठेवायचा कुठे हे ठरवावं लागतं. एकेक घेऊ.

समुद्रातून साखर काढण्यासारखं

माझी नोकरी गेली सौराष्ट्रातल्या एका सोडा ॲशच्या कारखान्यात. तिथे आम्हाला कार्बन डायऑक्साइड हवाच असायचा, तो आमचा कच्चा माल. चुनखडी आणि कोक भट्टीत घालून जाळायचो आणि निघणारा वायू मनोऱ्यात सोडायचो. दर पाळीला भट्टीच्या वायूचा नमुना तपासायचा. शंभरात चाळीस भाग कार्बन डायऑक्साइड आला की पाळी खूश. छत्तीस-सदतीस आला की भट्टीवाल्याची झाडाझडती. का? कारण वायू थोडा जरी विरळ झाला, तरी मनोऱ्यातलं काम मंदावतं आणि खर्च वाढतो. चाळिसाचे छत्तीस झाले तर आमची झोप उडायची.

आता हे आकडे शेजारी-शेजारी ठेवा. आमच्या भट्टीचा वायू: शंभरात चाळीस. कोळशाच्या वीजकेंद्राच्या चिमणीतला वायू: शंभरात दहा ते पंधरा. आणि तुमच्या-आमच्या डोक्यावरची मोकळी हवा: दहा हजारांत चार, थोडे वर. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर नियमित मोजणी सुरू केली तेव्हा दहा लाखांत ३१५ होते, आता ४२० च्या पुढे गेले आहेत. कारखानदारी सुरू होण्याआधी होते सुमारे २८०. पृथ्वी तापवायला एवढी वाढ पुरेशी आहे. पण वेचून काढायचं म्हटलं, तर ही हवा आमच्या भट्टीच्या वायूपेक्षा जवळजवळ हजारपट विरळ आहे.

घरातलं माप देतो. दहा फूट लांब, दहा रुंद, दहा उंच अशी खोली घ्या. खिडक्या उघड्या, बाहेरची हवा खेळती. त्या अख्ख्या खोलीत कार्बन डायऑक्साइड असतो वीस-बावीस ग्रॅम, म्हणजे चार-पाच चमचे साखरेच्या वजनाइतका. एक टन गोळा करायचा तर अशा सेहेचाळीस-सत्तेचाळीस हजार खोल्यांची हवा गाळावी लागेल, तीही एक कणसुद्धा निसटू न देता. प्रत्यक्षात बराचसा निसटतो, म्हणून खोल्या आणखी वाढतात. एवढी हवा खेचायला मोठमोठे पंखे लागतात. ते पंखे रात्रंदिवस चालवायचे.

सोडवणं महाग आहे

पंख्यांचा खर्च तरी एका मर्यादेत राहतो. खरं बिल येतं पुढे. चुन्याने कार्बन पकडला, त्याची चुनखडी झाली. आता तो चुना पुन्हा वापरायचा असेल तर चुनखडीतून कार्बन बाहेर काढायला हवा. त्यासाठी ती सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. एक टन कार्बन डायऑक्साइड असा सोडवायला, भट्टीत एक कणही उष्णता वाया गेली नाही असं धरलं तरी, अकराशे युनिटांएवढी ऊर्जा लागते. हा रसायनशास्त्राचा नियम आहे, त्यात घासाघीस चालत नाही. चुन्याऐवजी वेगळी रसायनं वापरली तर तापमान १०० अंशांच्या आसपास आणता येतं. नव्या यंत्रांनी तेच केलं आहे. तरीही पंखे, उष्णता, पंप सगळं धरून टनामागे दोन हजार युनिटांच्या आसपास ऊर्जा लागते. तिचा मोठा भाग उष्णतेच्या रूपात असतो.

आता हे दोन हजार युनिट भारतात आणून पाहू. आपल्या ग्रिडवरच्या एका युनिटामागे सरासरी सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण आपली बरीचशी वीज कोळशाची आहे. म्हणजे यंत्राची सगळी ऊर्जा ग्रिडमधून घेतली तर हवेतून एक टन काढण्यासाठी आपण १,४०० किलो हवेत सोडू. घरातलं पाणी उपसायला बादली घेतली आणि तिच्यानेच जास्त पाणी आत ओतलं, असा प्रकार.

तुम्ही म्हणाल, मग सौर वीज वापरू. वापरू या. पण मग दुसरा प्रश्न येतो. ते दोन हजार सौर युनिट यंत्राला न देता ग्रिडला दिले आणि तेवढी कोळशाची वीज बंद ठेवली तर? कोळशाच्या एका युनिटामागे ९०० ग्रॅम ते एक किलो पडतो. म्हणजे पावणेदोन ते दोन टन हवेत जायचे वाचले. त्याच पॅनेलने यंत्र चालवलं तर एक टन निघतो, कोळसा थांबवला तर जवळजवळ दोन टन वाचतात. म्हणून ज्या देशात कोळसा जळतो आहे तिथे आधी कोळसा कमी करणं आणि मग हवा गाळणं, हा क्रम विचारसरणीतून आलेला नाही, तो या भागाकारातून आला आहे.

आइसलँडला जमतं ते

मग हे यंत्र चालतं कुठे? आइसलँडमध्ये. तिथे जमिनीखालची उष्णता आणि नद्यांची वीज, म्हणजे जवळजवळ सगळी वीज कोळशाविना. हेल्लिशेईदी नावाच्या भूऔष्णिक केंद्राजवळ २०२१ मध्ये 'ओर्का' नावाचा प्रकल्प सुरू झाला, क्षमता वर्षाला ४,००० टन. मे २०२४ मध्ये 'मॅमथ' सुरू झाला, पूर्ण क्षमता ३६,००० टन. क्षमता म्हणजे कागदावर ठरलेला आकडा. प्रत्यक्ष उत्पादन त्यापेक्षा कमी राहतं, हे कुठल्याही नव्या कारखान्यात काम केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

पण आपण पूर्ण ३६,००० धरू. जगात कोळसा, तेल, वायू आणि सिमेंटमधून वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सेकंदाला जवळजवळ बाराशे टन. म्हणजे या प्रकल्पाने वर्षभर पूर्ण ताकदीने काम केलं, तर जग अर्ध्या मिनिटात जेवढं सोडतं तेवढं परत आलं. जगभरातल्या सगळ्या नव्या पद्धती, म्हणजे यंत्रं, जैविक कोळसा, दगडाची भुकटी वगैरे, २०२४ मधल्या एका जागतिक आढाव्यानुसार मिळून वर्षाला १३ लाख टन काढत होत्या. ती झाली अठरा-एकोणीस मिनिटांची भरपाई. उरलेलं सगळं काम, वर्षाला सुमारे २०० कोटी टनांचं, जंगलं आणि झाडं करतात.

आणि किंमत? थेट हवेतून एक टन काढायचा खर्च आज सहाशे ते हजार डॉलरच्या घरात सांगितला जातो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने तो शंभर डॉलरवर आणण्याचं उद्दिष्ट २०२१ मध्ये ठेवलं. सहाशे डॉलर धरले तरी पन्नास हजार रुपयांवर गेले. आता पेट्रोलचा हिशोब करा. एक लिटर जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. एक टन व्हायला लागतात साधारण ४३५ लिटर. शंभर रुपये लिटरने त्याचे झाले ४३,५०० रुपये. म्हणजे पेट्रोल विकत घ्यायला जेवढे पैसे लागले, त्याहून जास्त पैसे त्याचा धूर परत गोळा करायला लागतात. स्वतःला विचारा, पंपावर पेट्रोलचा भाव दुपटीहून जास्त केला आणि सांगितलं की वरचे पैसे धूर पुसायचे आहेत, तर कोण देईल?

ठेवायचा कुठे

समजा काढला. मग ठेवायचा कुठे? सोडावॉटरमध्ये घालून उपयोग नाही, बाटली उघडली की तो परत हवेत. शेकडो, हजारो वर्षं बाहेर येणार नाही अशी जागा हवी.

एक जागा म्हणजे खोल जमिनीतले सच्छिद्र खडक, वर घट्ट झाकण असलेले. नॉर्वेच्या समुद्रात स्लाइपनर इथे १९९६ पासून कार्बन डायऑक्साइड असा खाली सोडला जातो. तो नैसर्गिक वायूतून वेगळा केलेला आहे, हवेतून नव्हे. पण साठवण चालते हे त्यातून कळलं.

दुसरी जागा आपल्या फार ओळखीची आहे: काळा पाषाण, बेसाल्ट. आइसलँडमध्ये कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडतात. त्या दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम त्याला धरतं आणि त्याचा दगड होतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की सोडलेल्यापैकी ९५ टक्क्यांहून जास्त वायू दोन वर्षांच्या आत दगड झाला होता. चुन्याच्या निवळीचाच प्रकार, फक्त जमिनीखाली.

आता तुमच्या मनात जे आलं तेच माझ्याही आलं होतं. बेसाल्ट म्हणाल तर आपण त्याच्यावरच बसलो आहोत! दख्खनचं पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचं. पाच लाख चौरस किलोमीटर पसरलेलं, महाराष्ट्रात सर्वांत जास्त, पण मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक, तेलंगणातही. मुलताईचं काळं रानही त्यातलंच. मग आपल्याकडे जगाची तिजोरीच आहे की!

इथे जरा थांबावं लागतं, तीन कारणांसाठी. पहिलं, आइसलँडचा बेसाल्ट तरुण आहे, त्याची भोकं मोकळी आहेत. आपला म्हातारा आहे. पुणे-जळगावकडच्या खाणींतून निघणारे झिओलाइटचे सुंदर स्फटिक तुम्ही संग्रहालयात पाहिले असतील. ते स्फटिक म्हणजे त्या भोकांत कोट्यवधी वर्षांत भरलेला माल. भोकं भरली की वायू शिरायला जागा कमी. दुसरं, आइसलँडच्या पद्धतीत एक टन कार्बन डायऑक्साइडमागे सुमारे २५ टन पाणी लागतं. मराठवाड्यात किंवा विदर्भात हे कोणाला जाऊन सांगायचं? शिवाय आपल्या विहिरी आणि बोअरही याच बेसाल्टच्या भेगांतल्या पाण्यावर चालतात, त्यामुळे काय खाली सोडतो आणि ते कुठे जातं, हे आधी नीट तपासायला हवं. तिसरं, कोयना. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप जुन्या लोकांना अजून आठवतो. धरणातल्या पाण्याचा आणि तिथल्या भूकंपांचा संबंध जगभर अभ्यासला गेला. जमिनीखाली दाब बदलला की काय होऊ शकतं, हे आपण पाहिलेलं आहे. त्याच अभ्यासासाठी कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल बोअर घेतली गेली. तिथे बाराशे मीटरच्या आसपास बेसाल्ट संपून ग्रॅनाइट लागला, म्हणजे बेसाल्टही अथांग नाही. हे सगळं "अशक्य" म्हणण्याचं कारण नाही, पण मोजून-तपासून मगच करण्याचं नक्कीच आहे.

झाडं लावून भागेल का

आता माझ्या भावाकडे येऊ. झाड हे सर्वांत स्वस्त यंत्र. वीज फुकट, सावली वरकड. मोठं झालेलं झाड वर्षाला वीस-पंचवीस किलो कार्बन डायऑक्साइड घेतं, असा ढोबळ आकडा वापरतात. जात, माती, पाऊस यांप्रमाणे तो बदलतो. हेक्टरी चारशे मोठी झाडं धरा. पंचवीस किलोंनी झाले दहा टन.

भारतात दर माणशी वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो. आपण १४० कोटी, म्हणजे २८० कोटी टन. दहा टनांनी भागा: २८ कोटी हेक्टर. आणि भारताचं एकूण क्षेत्रफळ आहे जवळजवळ ३३ कोटी हेक्टर. डोंगर, वाळवंट, शहरं, शेतं, नद्या सगळं धरून. म्हणजे देशाच्या पंच्याऐंशी टक्के भागावर दाट झाडी उभी केली तर आपलाच धूर शोषला जाईल. मग गहू कुठे पेरायचा?

दुसरं, झाडाने घेतलेला कार्बन कायमचा नसतो. वणवा लागला, झाड वाळलं, तोडून जाळलं, की तो परत हवेत. कोळशातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडचा काही भाग हवेत हजारो वर्षं राहतो. त्याची भरपाई चाळीस वर्षांच्या कराराने करणं म्हणजे घराचं कर्ज फेडायला महिनाभराचे उसने पैसे आणणं. म्हणून झाडं लावू नयेत असं नव्हे. झाडं पाण्यासाठी, मातीसाठी, पाखरांसाठी, सावलीसाठी लावायचीच. फक्त ती कोळशाला परवाना म्हणून लावायची नाहीत.

दगडाची भुकटी

अजून एक वाट आहे, तीही शेतातूनच जाते. बेसाल्टची भुकटी शेतात पसरायची. पाऊस पडला की पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडची त्या भुकटीशी प्रक्रिया होते आणि कार्बन विरघळून नदीवाटे समुद्राकडे जातो, तिथे तो फार दीर्घकाळ राहतो. मातीला थोडी खनिजंही मिळतात. निसर्ग हे काम लाखो वर्षं करतोच आहे, भुकटी केली की वेग वाढतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये कार्बन काढण्याच्या एक्सप्राइझ स्पर्धेचं पाच कोटी डॉलरचं पहिलं बक्षीस 'माटी कार्बन' या संस्थेला मिळालं. ती भारतातल्या लहान शेतकऱ्यांच्या शेतात हेच काम करते.

अडचणी इथेही आहेत. एक टन कार्बन डायऑक्साइड धरायला, सगळं जुळून आलं तरी, तीन टनांहून जास्त दगड लागतो. तो दळायचा, ट्रकने न्यायचा, पसरायचा. खडी क्रशरवर पडून असलेली भुकटी जवळच मिळाली तर हिशोब जमतो, दुरून आणली तर डिझेलच तो खाऊन टाकतं. आणि सर्वांत मोठी अडचण मोजण्याची. चिमणीवर मीटर बसतो. शेतावर कसा बसवायचा? किती कार्बन खरंच वाहून गेला, किती मातीत अडकला, हे नमुने घेऊन, वर्षानुवर्षं तपासून ठरवावं लागतं. मोजणीवर विश्वास नसेल तर विकलेला टन हा टन राहत नाही, नुसता कागद होतो.

समुद्राची उधारी

शेवटची अडचण फारशी कोणी सांगत नाही. आपण आजवर जेवढा धूर सोडला, त्याचा साधारण निम्माच हवेत राहिला. बाकीचा समुद्राने आणि झाडा-मातीने घेतला. ही त्यांच्याकडची आपली उधारी समजा. आपण हवेतून कार्बन काढायला लागलो आणि हवेतला साठा कमी होऊ लागला, की समुद्र घेतलेलं परत देऊ लागतो. म्हणजे एक टन काढला तर हवेतला साठा दीर्घकाळात पूर्ण एक टनाने उतरत नाही. जाताना निसर्गाने मदत केली, परत येताना तोच हिशोब मागतो.

मग सोडून द्यायचं का?

नाही. आयपीसीसीच्या २०२२ च्या अहवालात स्पष्ट म्हटलं आहे की उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचं असेल तर हवेतून कार्बन काढणं टळणार नाही. कारण काही धूर थांबवता येणं फार कठीण आहे. चुनखडी भाजल्याशिवाय सिमेंट होत नाही, आणि ती भाजली की कार्बन निघतोच. मी आयुष्यभर भट्टीशेजारी उभा राहिलेलो आहे, मला हे पाठ आहे. लांबचं विमान, भातशेती, खतं, यांचंही तसंच. अशा उरलेल्या शेवटच्या भागासाठी ही यंत्रं, ही भुकटी, हे खडक लागतील. भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्याचं वचन ग्लासगोत दिलं आहे. तोवर ही विद्या स्वस्त आणि खात्रीची व्हायला हवी असेल, तर शिकायला आजच सुरुवात करावी लागेल. सौर पॅनेल एकेकाळी असंच महाग होतं.

पण शेवटचा भाग पुसायचं फडकं घेऊन कोणी उघडा नळ आवरायला बसत नाही. विंध्याचलच्या वीजकेंद्रात चिमणीतून दिवसाला २० टन कार्बन डायऑक्साइड पकडणारा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. तिथला वायू हवेपेक्षा शेकडोपट दाट, काम सोपं. तरी ५०० मेगावॉटचं एक युनिट पूर्ण ताकदीने चाललं तर ते २० टन तीन मिनिटांच्या आत सोडतं. प्रयोग म्हणून तो मोलाचा आहे. पण नळ किती मोठा आणि फडकं किती लहान, हे त्यातून नीट कळतं.

भावाला काय सांगितलं

आठ दिवसांनी मी त्याला फोन केला आणि त्याच्याच जमिनीचं गणित सांगितलं. चार एकर म्हणजे सुमारे दीड हेक्टर. झाडं पूर्ण वाढल्यावर वर्षाला पंधरा-सोळा टन. समजा टनाला हजार रुपये मिळाले, तर सोळा हजार, आणि त्यात त्या कंपनीचा वाटा वेगळा. पहिल्या काही वर्षांत तर रोपटी जेमतेम काही किलो घेणार. सोयाबीन आणि गव्हाचे त्याचे आकडे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत.

मग त्याला पाच प्रश्न लिहून घ्यायला सांगितले. झाडांची वाढ कोण मोजणार आणि किती वर्षांनी? पहिले पैसे कोणत्या वर्षी, आणि भाव पडला तर काय? वणवा लागला किंवा रोपं वाळली तर नुकसान कोणाचं? चाळीस वर्षांत जमीन मुलांच्या नावे झाली, वाटणी झाली, तर करार कोणावर? आणि हा माझा टन विकत घेणारा कोण, तो त्याच्या बदल्यात आपला धूर कमी करणार आहे की वाढवणार आहे?

तो माणूस पुन्हा आला तेव्हा भावाने कागद पुढे केला. पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरं मिळाली. तिसऱ्याला "तशी वेळ येणार नाही" असं उत्तर आलं. चौथ्या-पाचव्यासाठी तो विचारून सांगतो म्हणाला. भावाने सही केलेली नाही. त्याने या पावसाळ्यात बांधावर स्वतःच्या खर्चाने आंबा, कडुनिंब आणि बांबू लावले आहेत, कोणाशीही करार न करता. म्हणाला, "दादा, कार्बनचं मला कळत नाही, पण बांध धुपत होता."

तुमच्याकडेही असा कागद येऊ शकतो, मग तुम्ही नागपूरला असा, इंदूरला, बेळगावला की हैदराबादला. आला तर घाईने नकार देऊ नका आणि घाईने सहीही करू नका. ते पाच प्रश्न विचारा. आणि कोणी म्हणालं की मशीन येणार आहे, आता काळजी नाही, तर त्याला शांतपणे सांगा: मशीन आलेलं आहे. वर्षभर राबून ते अर्ध्या मिनिटाचा धूर परत आणतं. बाकीची मिनिटं आपल्याकडे आहेत.

आजच्यापुरतं इतकंच. घरी चुना असेल तर मुलांना निवळीचा प्रयोग करून दाखवा, फक्त चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि फुंकताना निवळी तोंडात ओढू देऊ नका. भेटू पुढच्या भागात.